तोर्तिया फुगत नाही? चूक तव्यावर नाही, आदल्या रात्रीच्या पातेल्यात शोधा

मक्याची तोर्तिया, म्हणजे मेक्सिकोतली पातळ भाकरी, घरी करून बघणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. फुगत नाही, कडेला चिरा जातात, दुमडली की मधोमध तुटते, नाहीतर चव कडवट साबणासारखी लागते. मग लोक तवा बदलतात, प्रेस बदलतात, पिठात मैदा मिसळून बघतात आणि शेवटी कंटाळून सोडून देतात. पण यातल्या बहुतेक चुका तवा गॅसवर चढायच्या आधीच होऊन गेलेल्या असतात, मका निवडताना, चुना मोजताना, धुताना, दळताना. तव्यावर फक्त निकाल लागतो.

म्हणून इथे सगळं क्रमाने लिहितोय, आणि प्रत्येक टप्प्यानंतर काय तपासायचं तेही. ती तपासणी सोडून पुढे जाऊ नका, कारण या कामात मागची चूक पुढे जाऊन दुरुस्त होत नाही. (टॉर्टिला म्हणायची सवय असेल तर तसं म्हणा, मेक्सिकोत तोर्तियाच म्हणतात. आणि इथे फक्त मक्याची. गव्हाची ती सोनोरा वगैरे उत्तरेकडच्या भागातली, तिचं तंत्र पूर्ण वेगळं.)

वेळेचा हिशोब आधी करा. संध्याकाळी तासभर काम, मग रात्रभर पातेलं झाकून ठेवायचं, सकाळी दीड-दोन तास. मेक्सिकोतल्या खेड्यांमध्येही हाच क्रम असतो, संध्याकाळी मका चुन्यात घालायचा आणि पहाटे बादलीत घेऊन मोलिनोवर म्हणजे दळणाच्या गिरणीवर जायचं. दुपारी आठवण झाली आणि रात्री जेवायला तोर्तिया, असं होत नाही. घाई असेल तर तयार पिठाचा रस्ता आहे, तो खाली सांगतो.

सामान: काय चालतं आणि काय अजिबात चालत नाही

मका. वाळलेला, अख्खा, पिठूळ जातीचा शेतातला मका पाहिजे. पांढरा सगळ्यात सोपा, पिवळा चालतो, निळा पण चालतो पण तो पहिल्यांदाच घेऊ नका. स्वीट कॉर्न चालत नाही, वाळवलेला पण नाही. पॉपकॉर्नचा मका तर नकोच, तो इतका कडक असतो की नीट भिजत नाही आणि दळताना हात भरून येतात. बियाणं म्हणून विकलेला मका चुकूनही घेऊ नका, त्याला औषध लावलेलं असतं.

आता सगळ्यात जास्त होणारा घोळ. साधं मक्याचं पीठ, पोलेंटाचा रवा किंवा कॉर्नफ्लोअर, यापैकी कशाचीही तोर्तिया होत नाही. कॉर्नफ्लोअर म्हणजे नुसता स्टार्च. साध्या मक्याच्या पिठाला पाणी लावलं तर गोळा होतो, नाही असं नाही, पण तो पातळ दाबला की फाटतो, कारण चुन्याची प्रक्रियाच झालेली नसते. चुन्याच्या गरम पाण्यात मक्याची साल सुटते, सालीतला चिकट भाग विरघळतो, चुन्यातलं कॅल्शियम दाण्यात शिरतं आणि आतला स्टार्च अर्धवट फुलतो. गोळ्याला जो लवचिकपणा येतो तो इथून येतो. शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला लागू पडतं तेही या प्रक्रियेमुळेच. या प्रक्रियेतून निघालेल्या मक्याला निक्स्तमाल म्हणतात. शब्द मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या नावात्ल भाषेतला, त्यातला पहिला भाग राखेचा, कारण चुन्याऐवजी लाकडाची राखही वापरतात.

तयार पीठ घ्यायचं असेल तर पाकिटावर 'मासा हारिना' असं लिहिलेलं बघा. मासा म्हणजे निक्स्तमालचा ओला गोळा (आपल्या माशाशी काही संबंध नाही), आणि तो वाळवून केलेलं पीठ म्हणजे मासा हारिना. दोन कप पिठाला दीड कप कोमट पाणी घालून मळा, वीस-तीस मिनिटं झाकून ठेवा आणि सरळ टप्पा ६ च्या शेवटच्या तपासणीवर या. वास आणि चव ताज्या मक्याइतकी येणार नाही, पण हात बसवायला हे उत्तम, मी तर म्हणेन पहिले दोन-तीन प्रयत्न यावरच करा.

चुना. खाण्यासाठी म्हणून विकला जाणारा, आधीच पाणी पाजून विझवलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. मेक्सिकोत याला 'काल' म्हणतात. रंगकामाचा किंवा बांधकामाचा चुना नको, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. सुगंध वगैरे घातलेला पण नको.

इशारा: कळीचा चुना घरात हाताळू नका. पाणी पडलं की तो प्रचंड तापतो आणि उकळून उडतो. विझवलेल्या चुन्याची पूड पण डोळ्यात गेली तर वाईट भाजतं, म्हणून पातेल्यावर वाकून ओतू नका आणि त्या पाण्यात फार वेळ उघडे हात घालू नका.

पातेलं. स्टीलचं, इनॅमलचं किंवा मातीचं. अॅल्युमिनियमचं नको, चुना त्याला खातो, पातेलं काळं पडतं आणि ते सगळं मक्यात उतरतं. ढवळायला पण स्टीलचा किंवा लाकडी डाव.

दळायला काय आहे ते आत्ताच ठरवा, सकाळी नाही. मेताते म्हणजे ज्वालामुखीच्या दगडाचा तीन पायांचा पाटा, तो असेल तर प्रश्नच नाही, पण नवा असेल तर त्यावर आधी बरेचदा कोरडा तांदूळ किंवा मका वाटून फेकून द्यायचा, नाहीतर दाताखाली कच येते. टेबलाला पकडवायची हाताची लोखंडी चक्की चालते. दगडाचा वेट ग्राइंडर चालतो. मिक्सर चालवून घेता येतो, पण त्याच्या अटी आहेत.

बाकी तोर्तिया प्रेस, जाड प्लास्टिकच्या पिशवीचे कापलेले दोन गोल तुकडे, जाड बुडाचा तवा (कोमाल), जाड सुती फडकं, टोपली आणि वजनकाटा. वजनकाटा नसेल तर आणा, प्रेस नसला तरी एखाद्या जड सपाट बुडाच्या पातेल्याने दाबता येतं, पण चुना अंदाजाने घालता येत नाही.

प्रमाण: मका ५०० ग्रॅम, चुना ५ ग्रॅम, पाणी दीड लिटर. म्हणजे मक्याच्या वजनाच्या एक टक्का चुना आणि तिप्पट पाणी. यातून साधारण ९०० ग्रॅम ते १ किलो मासा निघतो, त्याच्या २८ ते ३० तोर्तिया. पहिल्यांदा यापेक्षा कमी करू नका, थोडा मका चक्कीत नीट पकडत नाही.

टप्पा १: मका निवडा, धुवा

खडे, काळे पडलेले आणि बुरशी लागलेले दाणे काढा. बुरशीच्या बाबतीत हयगय नको, चुन्याने धुऊन निघेल वगैरे समजू नका, फेकून द्या. दोनदा पाण्यात खळबळून वर तरंगणारे पोकळ दाणे, कोंडा ओतून टाका. आधी भिजत घालायची गरज नाही.

टप्पा २: चुन्याचं पाणी

दीड लिटर थंड पाणी पातेल्यात घ्या, त्यातल्याच वाटीभर पाण्यात चुना कालवून पातेल्यात ओता, ढवळा. पाणी दुधी होईल आणि थोडा चुना तळाला बसेल. बसू द्या. एक लिटर पाण्यात जेमतेम पावणेदोन ग्रॅम चुना विरघळतो आणि पाणी तापलं की त्याहून कमी, त्यामुळे तळाला राहणारच. जसजसा मका चुना शोषून घेतो तसतसा तळाचा विरघळत जातो. तळाला राहिला म्हणून पाणी वाढवू नका आणि चव सौम्य हवी म्हणून चुना अर्धा करू नका. चुना कमी पडला की साल सुटत नाही. जास्त पडला की तोर्तिया पिवळट होते आणि जिभेला चरचरते.

टप्पा ३: शिजवणं (इथे सगळ्यात जास्त मका बिघडतो)

चुन्याचं पाणी तापून वाफा निघायला लागल्या की मका घाला. आच मध्यम ठेवून पंधरा-वीस मिनिटांत हलकी उकळी येऊ द्या, मग आच इतकी कमी करा की पाणी नुसतं थरथरेल, एखाद-दुसरा बुडबुडा येईल. थर्मामीटर असेल तर ८५ ते ९० अंश सेल्सिअस. खळाखळा उकळायचं नाही.

यात एक गंमत आहे. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी ९२-९३ अंशांनाच उकळतं. तिथल्या माणसाने सांगितलं की 'उकळू दे', तर त्याची उकळी आणि समुद्रकिनाऱ्यावर राहणाऱ्याची उकळी एक नसते. तिथली वेळ जशीच्या तशी उचलून १०० अंशांवर मका उकळत ठेवला की मका शिजून पिठलं होणार, आणि मग म्हणायचं रेसिपी चुकीची आहे.

थरथरत्या पाण्यात साधारण २० ते ४० मिनिटं. एवढी मोठी रेंज का, तर मका किती जुना आणि किती कडक यावर आहे. यंदाचा मका लवकर होतो, दोन वर्षं पोत्यात पडलेला वेळ खातो. म्हणून टाइमर लावा पण निर्णय दाण्यावरून घ्या. वीस मिनिटांनी एक दाणा काढा, थंड पाण्यात बुडवा आणि दोन गोष्टी बघा.

तपासा, पहिलं: अंगठ्याने चोळल्यावर साल पातळ ओल्या कागदासारखी निघून आली पाहिजे. नखाने खरवडावी लागत असेल तर अजून वेळ आहे.

तपासा, दुसरं: दाणा मधून कापा. बाहेरचा भाग मऊ, ओलसर आणि मधोमध पांढरा कोरडा ठिपका, चावला तर मऊसर पण मध्ये कट्ट असा. असं असेल तर गॅस लगेच बंद करा.

लोकांना वाटतं मका शिजला नाही, अजून दहा मिनिटं ठेवू. तिथेच घात होतो. तो ठिपका रात्री पातेल्यातच मऊ होणार आहे. आत्ताच पूर्ण शिजवला तर सकाळी दळल्यावर चिकट लगदा होईल, प्लास्टिकला चिकटेल, तव्यावर फुगणार नाही. आणि त्याला नंतर काही उपाय नाही.

तोर्तियासाठी हे असं. पोसोले नावाचं मेक्सिकोतलं मक्याचं सूप करायचं असेल तर हिशोब पूर्ण बदलतो, ते शेवटी.

टप्पा ४: रात्रभर मुरवणं

झाकण घाला, गॅसवरून उतरवा, विसरा. आठ ते बारा तास. फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, मका हळूहळू थंड होत जाणं हाच या टप्प्याचा उद्देश आहे. पाणी दाण्याच्या वर तीन-चार बोटं आहे ना ते मात्र बघा, वरचे दाणे उघडे राहिले तर ते कडक राहतात आणि दळताना कणी येते. फार उकाडा असेल तर आठ तासांवर थांबा.

सकाळी झाकण काढल्यावर पाणी पिवळं, किंचित दाट झालेलं दिसेल आणि वास ओल्या मातीसारखा, भाजलेल्या मक्यासारखा. आंबट वास आला तर काहीतरी बिघडलंय. या पिवळ्या पाण्याला नेहायोते म्हणतात. ते कुंडीतल्या झाडांना घालू नका, भरपूर पाणी मिसळून मोरीत सोडा.

तपासा: पुन्हा एक दाणा कापा. पांढरा ठिपका जवळपास गेलेला हवा. टिचभर राहिला असेल तर चालेल. चांगला मोठा कोरडा भाग दिसत असेल तर पातेलं त्याच पाण्यासकट पुन्हा गरम करा, थरथरलं की बंद करून अजून दोन तास ठेवा. इथवर दुरुस्ती होते. पाणी ओतून दिल्यावर होत नाही, म्हणून ओतायच्या आधी तपासा.

टप्पा ५: धुणं, पण बेताने

मका चाळणीत काढा, ताज्या पाण्यात घाला, दोन्ही हातांनी हलकं चोळा, पाणी ओता. असं दोनदा, फार तर तीनदा. बहुतेक साली पाण्यात निघून जातील.

इथे दोन टोकाची माणसं असतात. एक जण एकदाच धुतो, मग तोर्तिया साबणासारखी लागते. दुसरा एकेक दाणा सोलत बसतो आणि पाणी आरशासारखं स्वच्छ होईपर्यंत धुतो, आणि मग त्याचा गोळा वाळूसारखा सुटतो, कडा फाटतात. कारण सालीतून सुटलेला तो बुळबुळीत चिकटा हाच गोळ्याला बांधून ठेवतो, तोच धुऊन टाकला तर उरलं काय. दाण्यावर थोडी साल, थोडा पिवळटपणा आणि हाताला किंचित निसरडेपणा राहिला पाहिजे. एक दाणा चावून बघा, मक्याची चव आधी आणि चुन्याची अगदी मागून यायला हवी.

निथळून घ्या आणि लगेच दळा. निथळलेला मका दिवसभर तसाच ठेवला तर आंबायला लागतो.

टप्पा ६: दळणं आणि मळणं

दळताना पाणी ही मुख्य गोष्ट. दाण्यात आधीच भरपूर पाणी आहे, त्यामुळे वरून ५०० ग्रॅम मक्याला जास्तीत जास्त शंभर मिलि, तेही एकदम नाही, चिमूट-चिमूट शिंपडत.

हाताच्या चक्कीत पाती घट्ट आवळा आणि दोनदा दळा. पहिल्यांदा रव्यासारखं निघेल, घाबरू नका, दुसऱ्यांदा बारीक होतं. पाती इतकी आवळू नका की लोखंडाला लोखंड घासेल, राखाडी रेघ दिसली की सैल करा. मेतातेवर मूठ-मूठ घेऊन वरून खाली ढकलत वाटायचं, खांद्यातून जोर द्यायचा, मनगटातून नाही. पाच मिनिटांत कळतं की गिरणी आल्यावर बायकांनी पाटा का सोडला. मेक्सिकोत आजही अनेक जणी मोलिनोवर दळून आणतात आणि मग घरी मेतातेवर फक्त शेवटचा एक हात फिरवतात.

मिक्सरवाल्यांसाठी. पाणी घातल्याशिवाय मिक्सर फिरत नाही, आणि पाणी घातलं की गोळा सैल होतो, हा पेच आहे. एका वेळी दोन मुठीच मका घ्या, तीन-चार सेकंद फिरवा, थांबा, बाजू खरवडा, परत फिरवा. सलग फिरवलं तर पातं तापतं आणि स्टार्च चिकट होतो. शेवटी सैल झालंच तर मासा हारिना थोडा थोडा मिसळून घट्ट करा. शुद्धतावाले नाक मुरडतील, मुरडू देत, खाता येण्यासारखी तोर्तिया होते. मैदा किंवा कणीक मात्र नको, त्याने फाटणं थांबतं पण तोर्तिया रबरी होते आणि खरी चूक झाकली जाते.

मग परातीत घेऊन तीन-चार मिनिटं मळा. यात ग्लूटेन नाही, त्यामुळे तास-तास मळून काही मिळत नाही, पाणी सगळीकडे सारखं पोचलं की झालं. मीठ घालायची गरज नसते, मेक्सिकोत साध्या तोर्तियाला सहसा घालत नाहीत, मीठ आतल्या भाजीत आणि साल्सात म्हणजे तिथल्या चटणीत असतं.

तपासा, आणि हे सोडू नका:
बोटांत चिमूट घेऊन चोळा. बारीक कण जाणवले तर चालेल, कडक कणी लागली तर परत दळा.
लिंबाएवढा गोळा करून तळहातांत दाबा. कडा फाटल्या तर पाणी कमी आहे, ओल्या हाताने मळा.
हाताला चिकटून राहिला तर पाणी जास्त आहे, दहा मिनिटं उघडा ठेवा किंवा मासा हारिना घाला.
कडा गुळगुळीत, तळहात कोरडा, आणि बोट दाबलं तर ठसा तसाच राहतो, म्हणजे जमलं.

बहुतेकांचा गोळा कोरडा असतो, सैल नाही. चिकटेल या भीतीने पाणी कमी घालतात. फुगण्यासाठी वाफ लागते आणि वाफेसाठी पाणी, त्यामुळे शंका आली तर ओलसर बाजूला झुका. आणि गोळा काम होईपर्यंत ओल्या फडक्याखाली, कारण दर पाच मिनिटांनी तो कोरडा होत जातो. पहिल्या दहा तोर्तिया छान आणि शेवटच्या दहा फाटलेल्या, याचं कारण हेच.

टप्पा ७: दाबणं

३० ते ३५ ग्रॅमचा गोळा. प्लास्टिकचा एक तुकडा खाली, गोळा बरोबर मध्ये नाही तर बिजागरीकडे किंचित सरकवून, दुसरा तुकडा वर, आणि दाबा. मग प्लास्टिकसकट अर्धा गोल फिरवून परत हलकं दाबा, म्हणजे एक बाजू जाड एक पातळ असं होत नाही. जाडी दीड ते दोन मिलिमीटर. पारदर्शक होईपर्यंत दाबली तर दोन पदर सुटायला जागाच राहत नाही, फुगणार कुठून.

वरचं प्लास्टिक सोडवा, तोर्तिया तळहातावर उलटी घ्या, निम्मी बोटांच्या बाहेर लोंबू द्या, मग दुसरं प्लास्टिक सोडवा. प्लास्टिकवरून तोर्तिया ओढायची नाही, तोर्तियावरून प्लास्टिक ओढायचं. चिकटत असेल तर सहाव्या टप्प्यावर परत जा, तेल लावून वेळ मारून नेऊ नका.

भाकरीचा हात असलेल्यांना थापायचा मोह होतो, आणि मेक्सिकोत हाताने थापणाऱ्या बायका आहेतच, पण पीठ भुरभुरवून थापायचं नाही, वरचं कोरडं पीठ तव्यावर जळतं.

टप्पा ८: कोमाल, आणि दोन वेळा उलटणं

तवा दहा मिनिटं आधी तापत ठेवा. पाण्याचा थेंब टाकला की नाचून लगेच उडाला पाहिजे. मोजता येत असेल तर २३० ते २६० अंश. तेल नाही. मातीचा कोमाल असेल तर त्याला आधी चुन्याच्या दाट पाण्याचा हात फिरवून तापवून घेतात आणि मग पुसतात, म्हणजे तोर्तिया चिकटत नाही. मातीच्या तापल्या कोमालवर गार पाणी टाकू नका, तडकतो.

आता क्रम, आणि वेळा महत्त्वाच्या.

पहिली बाजू: तोर्तिया लोंबत्या कडेने आधी टेकवा आणि हात मागे घेत अलगद पसरवा. आपटली तर खाली हवा अडकते. १५ ते २० सेकंद, कडेचा रंग जरा बदलला आणि ती तव्यावरून सुटायला लागली की उलटा. डाग पडायची वाट बघू नका.

दुसरी बाजू: ४५ ते ६० सेकंद. खालून तपकिरी ठिपके आले पाहिजेत.

परत पहिली बाजू: आता दहा-वीस सेकंदांत फुगेल. नाही फुगली तर मध्यभागी बोटांच्या टोकांनी किंवा दुमडलेल्या फडक्याने हलकं टेकवा.

असं का, तर पहिल्या छोट्या वेळेत एका बाजूचा पातळ पापुद्रा बंद होतो, दुसऱ्या वेळेत दुसरा पापुद्रा बंद होतो आणि मधल्या ओल्या थराची वाफ दोघांच्या मध्ये कोंडते. पहिल्या बाजूला जास्त वेळ ठेवलं तर मधलं पाणी आधीच उडून जातं, मग शेवटी कितीही दाबा. तवा गार असला तरी तेच, डाग यायला दोन-दोन मिनिटं लागतात आणि तोवर ती पापडासारखी वाळते.

मेक्सिकोत गमतीने म्हणतात की तोर्तिया फुगली, आता लग्न करायला हरकत नाही. माझ्या पहिल्या तीन खेपांवरून तर माझं लग्न रद्दच झालं असतं.

टप्पा ९: फडक्यात दडपणं (हा टप्पा लोक सोडतात)

तव्यावरून काढलेली तोर्तिया लगेच खाऊन 'कडक झाली' म्हणू नका. टोपलीत जाड फडकं घाला, एकावर एक रचा, प्रत्येक वेळी फडकं झाका. वेताच्या किंवा तशाच विणलेल्या या टोपलीला चिकिविते म्हणतात. दहा-पंधरा मिनिटं स्वतःच्या वाफेत बसल्यावर ती मऊ होते आणि दुमडली तरी तुटत नाही. प्लास्टिकच्या घट्ट डब्यात ठेवू नका, पाणी सुटून खालच्या चार लगदा होतात.

तक्रारीवरून मागे कसं जायचं

फुगत नाही पण चव चांगली आहे: आधी तव्याची आच बघा, मग गोळ्यातलं पाणी, मग जाडी. या तिन्हीत काही नसेल तर दळण जाड आहे. कडेला चिरा आहेत: गोळा कोरडा किंवा मका जास्त धुतलाय. गोळा ओलसर असूनही चिरा जात असतील तर चुना कमी पडला असणार, साल नीट सुटली होती का ते आठवा. तोर्तिया चिकट, आतून कच्ची आणि जड लागते: मका जास्त शिजला, पुढच्या वेळी गॅस लवकर बंद करा. साबणासारखी चव: धुणं कमी. सगळं बरोबर करूनही काहीच जमत नाही असं वाटलं तर मका बदला, कारण काही मका खरंच तोर्तियाचा नसतो, आणि हे मला तीन किलो मका घालवल्यावर कळलं.

निळा मका घेतलात आणि तोर्तिया हिरवट झाली तर ती बिघडलेली नाही. निळा रंग चुन्यात बदलतो. पुढच्या वेळी चुना जरासा कमी करा आणि कमी वेळ शिजवा.

यातूनच दुसरं काही करायचं असेल तर

तामालेससाठी (पानात गुंडाळून वाफवलेला मासा) मका असाच करायचा पण दळताना जाडसर ठेवायचा, मग डुकराची चरबी फेटून मिसळायची, आणि छोटी गोळी पाण्यात टाकल्यावर तरंगली की फेटणं पुरे. मेक्सिकोत मोलिनोवर मासा मागताना तोर्तियासाठी की तामालेससाठी ते सांगावं लागतं, न सांगता आणलेला मासा भलताच निघू शकतो.

पोसोलेसाठी काकाउआसिंतले नावाचा मोठ्या, पिठूळ दाण्यांचा मका लागतो. चुन्यात शिजवून सगळी साल काढायची, इथे चिकटा टिकवायचा नाही, आणि प्रत्येक दाण्याचं टोकाकडचं कडक देठ नखाने काढायचं. कंटाळवाणं काम आहे पण देठ राहिलं तर दाणा फुलासारखा उमलत नाही. मग स्वच्छ पाण्यात तासन्‌तास, दाणे फुटेपर्यंत.

उरलेला कच्चा मासा घट्ट गुंडाळून फ्रिजमध्ये एक-दोन दिवस राहतो, पुढे आंबतो. फ्रिजमधून काढल्यावर तो कोरडा वाटतो, ओल्या हाताने परत मळून सहाव्या टप्प्याची तपासणी पुन्हा करा. भाजलेल्या तोर्तिया दुसऱ्या दिवशी गरम करायच्या तर हाताला पाणी लावून दोन्ही बाजूंनी पुसा आणि तापल्या तव्यावर टाका. त्याहून शिळ्या झाल्या की मऊ करायच्या भानगडीत पडू नका, त्रिकोणी कापा, ताटात पसरून तासभर वाळू द्या आणि तळा. वाळवल्याशिवाय तळल्या तर तेल पितात. हे झाले तोतोपोस, आणि तेच गरम साल्सात मिनिटभर परतले की चिलाकिलेस. साल्सा उकळता असू दे आणि ताटं आधी मांडून ठेवा, दोन मिनिटं उशीर झाला की लगदा होतो.